गोदाच्या वाट्याचं पाणी

आमची गाडी कुठंच जात नव्हती. शाळेच्या बागेतून निघायची, चिंचेला वळसा घालायची, वसतिगृहाच्या भिंतीमागून यायची आणि निघाली होती तिथंच येऊन थांबायची. लातूर जिल्हा नवा झाला होता त्या दिवसांत शिरूर अनंतपाळहून कचेरीच्या कामाला आलेला एक म्हातारा तिच्यात बसला, तो तीन फेऱ्या झाल्या तरी उतरेना. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब चार वाजता भेटनार हायत बाई. तवर मला कुठं जायचं न्हाई. हिलाबी कुठं जायचं न्हाई. जोडी जमली."

मी त्या गाडीची फायरमन होते. शाळेच्या दप्तरी मी ग्रंथपाल होते आणि पगारही त्याचाच घेत होते. पण गुरुवारी आणि रविवारी दुपारी कपाटांना कुलपं लावून मी पदर खोचायची आणि कोळसा फोडायला बसायची. ग्रंथपाल म्हणून माझ्याबद्दल कुणी काही लिहायला सांगितलं नसतं. या अंकाच्या संपादकांनी गाडीबद्दल विचारलं, ते बरंच झालं. मलाही एक गोष्ट लिहून ठेवायची होती.

पुष्कळांना वाटतं की ती बॅटरीवर चालत असेल. तशी ती नव्हती. गोदा हे खरं वाफेचं इंजिन होतं, फक्त लहान. रुळांमधलं अंतर एक वीत, इंजिनाची उंची माझ्या मांडीपर्यंत, वजन मात्र चार माणसांनी उचलायचं. मागं लाकडी बाकांचे तीन डबे, त्यांवर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडं पाय सोडून बसायचं. ड्रायव्हर इंजिनाच्या मागच्या कोळशाच्या डब्यावर बसायचा. फायरमन स्टेशनवर उभी राहायची आणि दर फेरीला गाडी थांबली की पळीएवढ्या फावड्यानं सुपारीएवढे कोळसे आत सारायची.

आत काय चालतं ते सांगते. तांब्याचा बॉयलर असतो. त्याच्या पोटात आगीची पेटी आणि आगीभोवती, डोक्यावर, सगळीकडं पाणी. पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्या ढकलते, चाक फिरतं, आणि काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना आग ओढून घेते. म्हणून इंजिन जितकं जोरात पळतं तितकी आग जोरात पेटते. हे मला वाचून कळलं होतं. पण विस्तव कुठं पातळ झालाय, कुठं कोळसा नुसता काळा पडून राहिलाय, हे मला चुलीपुढच्या वर्षांनी शिकवलं. त्या बाबतीत पूर्णेच्या रेल्वेच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या फिटरलाही माझं ऐकावं लागायचं, आणि ते ऐकायचे.

तो फिटर म्हणजे माझे यजमान. बायको म्हणून मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. इथं मात्र दिगंबर असंच लिहिते, कारण गाडीच्या वहीत त्यांची सही तशी आहे. ते हदगावकडचे, मी नांदेडची. मोठ्या इंजिनांच्या शेडमध्ये काम करत असताना त्यांनी कुठूनतरी लहान इंजिनाच्या नकाशांचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला त्यातलं एकही काम हातानं करता आलं नसतं. मग मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची आणि ते ऐकून कानशीनं घासायचे. एका वाक्याला कधीकधी आठवडा लागायचा. अशी नऊ वर्षं गेली. पहिली वाफ नांदेडला धरली, गोदावरीच्या पाण्यावर. म्हणून तिचं नाव गोदा.

पुढं लातूरच्या एका शाळेत मला नोकरी लागली. दिगंबर रेल्वेतून मोकळे झाले होते. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष काशिनाथअप्पा. त्यांचं लोखंडाचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं रागवलेत. त्यांनी गोदा पाहिली, तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "रुळाला पट्ट्या माझ्या. जागा शाळेची. चालवायची तुमी दोघांनी. पन एक सांगतो दिगंबरराव, बंद पडलेली वस्तू मला दुकानातबी आवडत न्हाई अन् बागेतबी न्हाई."

पहिल्या दिवसापासून दिगंबरनी एक वही ठेवली. शेडची सवय. वार, कोळसा, पाणी, फेऱ्या, बिघाड, बिघाडाचं कारण. खाली दोन सह्या: ड्रायव्हर, फायरमन. मी म्हटलं, "अहो, मला कुणी फायरमन म्हणेल का?" ते म्हणाले, "आग कोण राखून राहिलं? मग?" आणि त्या दिवसापासून बागेत त्यांनी मला दुसऱ्या कोणत्याही नावानं हाक मारली नाही. "फायरमन, वाफ!" म्हणून ओरडायचे. मुलींना त्याचं फार हसू यायचं. मला मनातून फार अभिमान वाटायचा.

बॉयलरच्या बाजूला बोटाएवढी जाड, उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. आग विझली तर गाडी थांबते, एवढंच. पाणी कमी झालं आणि आगीच्या पेटीचं छत उघडं पडलं तर तांबं मऊ होतं आणि बॉयलर फुटतो. ड्रायव्हर मुलांकडं, सिग्नलकडं, पाहुण्यांकडं नंतर बघतो. आधी काच.

आणि बॉयलरला पाणी गोडं हवं. खाऱ्या पाण्याचा चुना आतून तांब्याला धरतो, जसा चहाच्या भांड्याला धरतो, आणि बॉयलर हळूहळू आतून मरतो. आमच्या बागेतल्या बोअरचं पाणी इतकं खारं होतं की फुलझाडंसुद्धा कुरकुरायची. दिगंबर म्हणायचे, "नऊ वर्षं घासलंय मी हे. त्याच्यात ते पानी मी मेलो तरी घालनार न्हाई." म्हणून गोदा शाळेच्या नळाचं पाणी प्यायची. एका दुपारी दोन घागरी.

मग दुष्काळ पडला. आधी एक वर्ष पाऊस कमी झाला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. नळाला पाणी यायचं बंद झालं. बागेच्या फाटकासमोर टँकर उभा राहू लागला आणि सकाळपासून हंड्यांची रांग लागू लागली. त्या रांगेत गयाबाई असायची. वसतिगृहात भाकरी थापायची, त्यामुळं आम्हाला ओळखायची. एका गुरुवारी आम्ही साठवलेल्या पिंपातून गोदामध्ये पाणी ओततोय ते तिनं फाटकातून पाहिलं.

"व्हय मास्तर," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलली, "आमी हंडे घिऊन उभ्या, अन् तुमी खेळन्याला पाजायलाव? तहान लागली म्हनून रडायलंय का ते?"

रांग हसली. दिगंबर हसले नाहीत. त्यांनी हातातली घागर खाली ठेवली, फाटकापर्यंत गेले आणि ती गयाबाईच्या हंड्यात रिकामी केली. मग पिंपात उरलेलंही रांगेत वाटून टाकलं. वहीत लिहिलं: "फेऱ्या नाहीत. पाणी नाही." पुढचे पाच आठवडे वहीत तेवढंच आहे.

पाचव्या आठवड्यात अप्पा आले. नव्या जिल्ह्याला जागा पुरत नव्हती. रोज एक नवी कचेरी यायची आणि खोल्या शोधायची. मंडळातल्या काही जणांचं म्हणणं होतं की बाग मोडून रस्त्याकडंनं गाळे काढावेत. अप्पा ओट्यावर बसले. "गाडी चालू असली तर मी त्यांच्या तोंडाला तोंड देतो. बंद गाडीसाठी बाग कशी राखू? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मंडळ बघायला येनार हाय. चालवून दाखवा. न्हाईतर रूळ उपटायचे."

"पानी न्हाई अप्पा," दिगंबर म्हणाले.

"बोअरचं घाला की."

"ते घालनार न्हाई."

अप्पा उठून गेले. दिगंबर त्या दिवशी गोदाच्या पितळी पट्ट्या पुसत बसले. चालायची नाही तरी दर दोन दिवसांनी पुसायचे. ते पाहणं मला जड झालं.

शाळेमागं महादेवाचं देऊळ आहे. देवळाची विहीर गोड्या पाण्याची. तळाला गेली होती, पण आटली नव्हती. पाऊस पडावा म्हणून त्या वर्षी पिंडीवर दिवसभर अभिषेक चालू ठेवला होता. वर टांगलेल्या तांब्याच्या पात्रातून थेंब थेंब पाणी पडत राहायचं, आणि दगडी नाळीतून बाहेर बेलाच्या झाडाखाली खड्ड्यात जायचं. गयाबाईसुद्धा टँकरचा हंडा घरी नेण्याआधी तांब्याभर पाणी पिंडीवर घालायची. ते खड्ड्यात जाणारं पाणी पाहून मला सुचलं.

देवळाचे शिवलिंगस्वामी वाचनालयातून धार्मिक पुस्तकं न्यायचे, त्यामुळं ओळख होती. मी त्यांना सरळ सांगितलं. ते बाहेर जाऊन बेलाच्या बुंध्याशी साचलेलं पाणी बघून आले. मग म्हणाले, "झाडाला चालतं, तर इंजनाला का न चालावं? पन अप्पाला कळू देऊ नका बाई, देवळाचा कारभारबी त्यांच्याच हाती हाय. तीर्थ कोळशात घातलं म्हनतील, अन् मला हाकलतील." त्यांनी नाळीखाली घागर ठेवायला सुरुवात केली.

दिगंबरना मी सांगितलं की देवळाच्या विहिरीचं पाणी मिळतंय.

"लोकांच्या वाट्याचं तर न्हाई?"

"नाही. वाटून झालेलं आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गोदाच्या टाकीचं झाकण उघडलं. गोदा पुन्हा सुरू झाली. तीन आठवडे ती इतकी छान चालली की काचेत पाणी दिसायचं ते पावसाच्या पाण्यासारखं. रांगेतल्या बायकांना दिगंबर सांगायचे, "टँकरचं न्हाई मावशी, टँकरचं न्हाई." गयाबाई नाक मुरडायची, पण बोलायची नाही.

तिसरा सोमवार आला. शाळा श्रावणी सोमवारची अर्धी होती. दुपारी घागरी आणायला गेले तर स्वामी दारातच उभे, चेहरा उजळलेला. "बाई, आज मंडळ येनार ना? म्हनून तुमच्यासाठी खास राखलंय. सकाळचं. रुद्र झाला, पंचामृत झालं, त्याचं तीर्थ. आज काय व्हायचं न्हाई गाडीला."

मी घागरीत पाहिलं. पाणी ढगाळ होतं. बोट बुडवून पाहिलं, चिकट लागलं. स्वामींच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मला नाही म्हणवेना. पण तेवढंच खरं नाही. दुसरं पाणी नव्हतं, आणि तासाभरात माणसं येणार होती. घरी येऊन मी ते जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून दोनदा गाळलं. गाळल्यावर बरं दिसलं. बरं दिसतंय असं मी स्वतःला सांगितलं आणि गोदाची टाकी भरली. दिगंबर तेव्हा डब्यांच्या चाकांना तेल देत होते.

बॉयलरमध्ये आदल्या दिवशीचं चांगलं पाणी होतं, म्हणून वाफ नीट धरली. अप्पा, मंडळातले तिघे, शाळेच्या मुली. पहिल्या फेरीला तीन डबे भरून माणसं बसली. मंडळातले दोघेजणही धोतर सावरून पाय सोडून बसले. फेरी सुरेख झाली. मी कोळसा घातला, दिगंबरनी टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये सोडलं, आणि गाडी दुसऱ्या फेरीला निघाली.

चिंचेपाशी आवाज बदलला. धुराड्यातून फुसफुस यायला हवी तिथं गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि धुराड्यातून तपकिरी फेस उडाला. पुढच्या डब्यातल्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर ठिपके पडले. माझ्या शेजारी उभे असलेले अप्पा वास घेऊ लागले.

"कोनाच्या घरी दूध उतू गेलं का हो बाई?"

माझ्या हातातलं फावडं खाली पडलं.

दूध असलेलं पाणी उकळलं की फेसाळतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही. मी रोज सकाळी पाहतच होते. पण फेसाळलेल्या बॉयलरची काच खोटं बोलते. ती भरलेली दिसते, आणि आत पाणी नसतं. दिगंबर कुणाकडंही पाहत नव्हते. त्यांनी वाफ बंद केली, म्हणजे फेस बसतो आणि खरी पातळी दिसते. काच वरपासून खालपर्यंत रिकामी झाली. मला एवढ्या लांबून ती दिसणं शक्य नव्हतं. ते त्यांच्या पाठीवरून कळलं. ते वाकले, आगीच्या जाळीची खीळ ओढली, आणि सगळा विस्तव रुळांच्या मधे पडला. मग उठून उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सगळे उतरा. घाई न्हाई. डावीकडनं उतरा."

सगळे उतरले. कुणाला काही झालं नाही. काय होऊ शकलं असतं ते तिथं आम्हा दोघांनाच माहीत होतं. मागं सोळा जण होते. गाडी ढकलत स्टेशनवर आणली.

मंडळातले सदरा झटकत होते. एक जण म्हणाला, "झालं बघून." अप्पांनी विचारलं, "काय झालं दिगंबरराव?"

तोवर त्यांनी बॉयलरच्या तळाचं झाकण सैल केलं होतं. आतून आलेलं बोटभर पाणी त्यांनी हुंगलं. मी पाहत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. देवळाच्या शिखराकडं एकदा पाहिलं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "काच नीट बघितली न्हाई. दसऱ्यापर्यंत मुदत द्या. दसऱ्याला न्हाई चालली तर रूळ मी स्वतः उपटून दुकानात आनून देतो."

अप्पा आयुष्यभर लोखंड विकत आले होते. माल खराब निघाला की विकणारा कसा बोलतो ते त्यांना ठाऊक होतं. चूक माझी, असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस त्यांनी फारसा पाहिला नसावा. ते म्हणाले, "दसऱ्याला चालली तर चालली."

कारण पाणी, असं जर दिगंबर म्हणाले असते, तर पाणी कुठलं हा पुढचा प्रश्न होता. मग स्वामींना हाकललं असतं, आणि मलाही.

घरी आल्यावर त्यांनी वही लिहिली आणि माझ्यापुढं ठेवली. "वाच आनि सही कर." मी वाचलं: "सोमवार. फेऱ्या दीड. बॉयलरमध्ये फेस. कारण: ड्रायव्हरची चूक." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "वाटून झालेलं पानी म्हनजे काय ते कळलं. आता सही कर." मी सही केली. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोअरवर गेले आणि दोन घागरी खारं पाणी घेऊन आले. मी दारात उभी राहिले. "अहो, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हनलो होतो. उकळून, सोडा घालून, चुना खाली बसवून वापरू. उरलेला दर पंधरा दिवसांनी खरवडून काढू. बॉयलर लवकर म्हातारा होईल. होऊ दे. आपनबी होऊनच राहिलो."

दोन आठवडे बॉयलर धुण्यात गेले. मग आम्ही दोघं पितळी सळईनं चुना खरवडायला शिकलो. नऊ वर्षं घासलेल्या तांब्यावर सळई फिरवताना त्यांचा हात किती हळू चालायचा ते मी जवळून पाहिलं.

दसऱ्याला गोदाला झेंडूचा हार घातला, फावड्याला आणि पान्यांना हळदकुंकू लावलं. फाटकापाशी रांग होतीच. दिगंबरनी घागर उचलली आणि थेट गयाबाईपुढं नेली.

"मावशी, हे पानी घालून राहिलो. बघा चव घेऊन."

गयाबाईनं ओंजळ पुढं केली, एक घोट घेतला आणि फाटकाबाहेर थुंकली. "थू! म्हशीबी तोंड लावायच्या न्हाईत ह्याला!" मग रांगेकडं वळून म्हणाली, "पिऊ द्या गं त्याला. आपल्या कामाचं न्हाई." हंडा शेजारणीकडं देऊन ती बागेत आली, लुगडं सावरून पहिल्या डब्यात बसली आणि म्हणाली, "हाना आता. कुठवर नेता बघू."

त्या दसऱ्याला तेवीस फेऱ्या झाल्या. वहीत तसं लिहिलं आहे. अप्पा शेवटच्या फेरीला बसले, चेहरा रागावल्यासारखाच ठेवून. गाळ्यांचा विषय मंडळात पुन्हा निघाला नाही. पाऊस पुढच्या वर्षी आला, पण गोदा खाऱ्या पाण्यावरच राहिली. दिगंबर म्हणायचे, रांगेला दिलेला शब्द आहे. त्या पाण्यावर तो बॉयलर एकोणीस वर्षं चालला. पुस्तकात अशा पाण्याला पाच वर्षं सांगितली होती. खरवडणारे हात आमचे होते, म्हणून चालला, हे मी बेलाशक लिहिते. शेवटी एका चाचणीत सांध्याला पाणी सुटलं. दिगंबरनी तिला थंड केलं, पुसलं, आणि ती आता शाळेच्या दालनात उभी आहे.

दिगंबर गेल्या पौषात गेले. स्वामी आणि अप्पा त्याआधीच गेले. आता त्या पाण्याबद्दल बोलल्यानं कुणाचं काही जाणार नाही, माझ्याशिवाय.

त्यांच्या मागं वह्या माझ्याकडं आल्या. सात आहेत. मी आयुष्यभर मुलींना पुस्तकात पेन्सिलीची रेघ ओढली म्हणून रागवत आले. लिहिलेलं खोडायचं नसतं, हे मी त्यांना शिकवलं आणि पाळलंही. म्हणून त्या सोमवारच्या पानावर मी काही खोडलं नाही. दिगंबरच्या ओळीखाली थोडी जागा होती, तिथं शाईच्या पेननं लिहिलं:

"दुरुस्ती. कारण: पाणी. अभिषेकाचं, दूध असलेलं. पाहूनही घातलं. ड्रायव्हरनं काच वेळेवर पाहिली आणि आग वेळेवर टाकली. मागं बसलेले सोळाही जण सुखरूप उतरले."

ड्रायव्हरच्या सहीची जागा रिकामी ठेवली. दुसऱ्या जागी सही केली, आणि सहीखाली पूर्ण अक्षरांत लिहिलं: फायरमन.